केबल बंद करायचंय, आईबाबांच्या घरी टीव्हीसाठी नक्की काय काय घ्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीला गावभागात आईबाबांचं जुनं घर आहे, मी पुण्यात असते. त्यांच्याकडे ३२ इंची साधा एलईडी आहे, स्मार्ट वगैरे नाही, आणि वर्षानुवर्षं चालत आलेलं केबल. बिल दरवेळी थोडं थोडं वाढतंय आणि दोघं मिळून बघतात जेमतेम सात-आठ चॅनल. आईला संध्याकाळी सातनंतरच्या मालिका, बाबांना बातम्या आणि क्रिकेट, रविवारी दुपारी एखादा जुना मराठी सिनेमा, संपलं. आता घरात फायबर आलंय त्यामुळे केबल काढून सगळं नेटवर न्यावं असं डोक्यात आहे.

बजेट टीव्ही धरून चाळीस-पंचेचाळीस हजार. टीव्ही बदलावा का, की आहे त्यालाच नेटवरचं दाखवणारी छोटी स्टिक लावावी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, त्यांना चॅनल नंबराने माहीत आहेत. रिमोट घ्यायचा, तीन आकडे दाबायचे, बातम्या सुरू. हे जे आत्ता त्यांना कुणाला न विचारता जमतंय ते नवीन सेटअपमध्ये गेलं तर माझ्या दृष्टीने पैसे वाचवून काही उपयोग नाही. स्वस्तात स्वस्त नकोय, त्यांना एकट्याने वापरता येईल असं हवंय. ज्यांनी आपल्या घरच्या मोठ्यांसाठी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

चिन्मय_पी

सरळ ४३ किंवा ५५ चा गूगल टीव्हीवाला सेट घ्या, सगळे अ‍ॅप त्यातच येतात, वेगळी स्टिक नको आणि दोन रिमोट नकोत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे मोठ्या साइझचा पूर्वीचा भुर्दंड राहिला नाही. ३२ आणि खालच्यांना आधीपासून १८ च होता.

वायरमन_मिरज

चिन्मय, टीव्हीचं नंतर बघू हो. ताई आधी मला सांगा राउटर कुठे बसवलाय आणि टीव्ही कुठे आहे. माझं रोजचं कामच हे आहे म्हणून सांगतो, लोक टीव्हीवर पन्नास हजार घालतात आणि मग "गोल गोल फिरतंय" म्हणून फोन करतात, जाऊन बघावं तर राउटर मीटरच्या बोर्डाशेजारी लोखंडी कपाटाच्या मागे आणि टीव्ही दोन भिंती पलीकडे.

कृष्णाकाठ

राउटर पुढच्या खोलीत दाराच्या वर आहे, फायबर तिथून आत आलंय म्हणून माणसाने तिथेच ठोकून दिला. टीव्ही माजघरात. मधली भिंत दगडामातीची, सहज दीड फूट जाड असेल. मोबाइलला माजघरात वायफायची एक-दोन कांडी येते.

वायरमन_मिरज

झालं, हेच मूळ दुखणं आहे. आता नीट ऐका.

राउटर दोन पट्ट्यांवर वायफाय देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ वाला वेगवान, पण जाड भिंत आली की त्याचा दम संपतो. २.४ वाला भिंतीतून जातो पण शेजारच्या सगळ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे त्याच पट्टीवर, त्यामुळे गावभागासारख्या दाटीच्या वस्तीत संध्याकाळी तो रडतो. आणि तुमची आई मालिका बघणार नेमकी संध्याकाळीच.

त्यामुळे पुढच्या खोलीतून माजघरात कॅट ६ ची लॅन वायर ओढा. दगडी भिंतीला भोक पाडायला नको, दाराच्या चौकटीच्या वरून पट्टीतून नेता येते. वायर चांगली तांब्याचीच मागा, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते ती घेऊ नका, दोन पावसाळ्यांत टोकं खराब होतात. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचंच असतं, त्याची काळजी करू नका. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की ७२० पिक्सेलला ३ एमबीपीएस, १०८० ला ५ आणि फोर के ला १५ पुरतात. म्हणजे तुमचा सगळ्यात लहान ३० चा प्लॅन असला तरी वायरीने नेला तर दोघांना भरपूर होतो. वेगाचा आकडा वाढवायच्या मागे लागू नका. आहे तो वेग टीव्हीपर्यंत न सांडता पोचला पाहिजे एवढं बघा, पाइपला गळती असली की मोठी टाकी बांधून नळाला जोर येत नाही तसंच आहे हे.

वायर खरंच नको असेल तर मेश, म्हणजे एकमेकांना वायफाय पुढे देणारे दोन डबे, घ्या, पण मेशचा दुसरा डबा माजघरात नको, दोन्हीच्या मध्ये जिथे पहिल्याचा सिग्नल अजून चांगला आहे तिथे ठेवा. माजघरात ठेवला तर त्याला स्वतःलाच नेट पोचणार नाही, तो पुढे काय देणार.

अनुराधा_के

वायरमन, तुमचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून ठेवलाय. +१००

मंजिरी_सोलापूर

कृष्णाकाठ, तुमच्यासारखीच परिस्थिती आमच्याकडे होती म्हणून लिहिते. सासूबाई एकट्या असतात, केबल काढून स्मार्ट टीव्ही दिला. टीव्ही छान होता, चित्र छान होतं. पण सुरू केला की समोर काय येतं तर सहा सिनेमांची पोस्टरं, खाली अ‍ॅपच्या चौकटी, मध्येच "अपडेट करा", मग प्रोफाइल कोणतं ते विचारणार. सासूबाई रिमोट हातात धरून बसायच्या, अंगठा गोल बटणावर, आणि हलका दाब द्यायच्या की ठळक चौकट दोन घरं पुढे पळायची, मग परत मागे, परत पुढे. त्यांना दिसत होतं पण कुठे उभे आहोत हे कळत नव्हतं. केबलमध्ये कसं, टीव्ही लावला की आधी काहीतरी *चालू* असतं. गप्पा, गाणी, बातम्या, काहीही. इथे शांत पडदा आणि "तुम्हाला काय बघायचंय" हा प्रश्न. म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी घरात नुसता आवाज हवा असतो हो, निवड करायची नसते.

शेवटी नेटच्या कंपनीचाच सेटटॉप बॉक्स घेतला, ज्यात लाइव्ह चॅनल नेटवरून येतात. तो लावला की थेट चॅनल लागतं, वर-खाली बटणाने चॅनल बदलतं. ओटीटी अ‍ॅप पण आहेत त्यात, पण ती नातवंडं आली की. तुम्ही अगदी आधी हेच बघा असं मला मनापासून वाटतं.

चिन्मय_पी

हे मात्र पटलं. जिओफायबर किंवा एअरफायबर असेल तर जिओटीव्ही प्लसमध्ये लाइव्ह चॅनल भाषेप्रमाणे मिळतात, २०२४ पासून ते अ‍ॅप अँड्रॉइड टीव्ही आणि फायर टीव्हीवर पण आलंय, म्हणजे त्यांचा बॉक्स नसला तरी चालतं. एअरटेलनेही मार्च २०२५ मध्ये आयपीटीव्ही, म्हणजे नेटवरून चॅनल, आणलं. बीएसएनएलच्या फायबरवरही तसंच आयएफटीव्ही आहे. कृष्णाकाठ, तुमचं फायबर कुणाचं आहे त्यावर हे ठरेल. त्यांच्या यादीत आईचे आणि बाबांचे सात-आठ चॅनल आहेत का एवढं आधी कागदावर टिक करून घ्या. आणि रिमोटला आकड्यांची बटणं आहेत का तेही. फायर स्टिकच्या रिमोटला आकडे नसतात, बऱ्याच नव्या गूगल टीव्हीच्या रिमोटलाही नसतात.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत आम्ही केबल काढलं तेव्हा खिडकीला एक चपटा अँटेना चिकटवला, एबीसी, एनबीसी, सीबीएस, फॉक्स, पीबीएस सगळं एचडीमध्ये फुकट हवेतून येतं. वर मराठीसाठी झी फाइव्ह, तो अमेरिकेत २०२१ पासून अधिकृत आहे. भारतात अँटेनाने काहीच येत नाही का आता? लहानपणी गच्चीवर अँटेना फिरवलेला आठवतोय.

कोकण_मेवा

नाही ओ, ते संपलं. दूरदर्शनचे जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२२ च्या मार्चपर्यंत बहुतेक सगळे बंद केले, थोडे सीमेवरचे वगैरे ठेवले. पण आपल्याकडे त्याच्या जागी डीडी फ्री डिश आहे आणि ते शहरातल्या लोकांना का सुचत नाही मला कळत नाही. २००४ पासून आहे, तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. महिन्याला शून्य रुपये. छत्री आणि डबा एकदा घ्यायचा, दोनेक हजारात विषय संपला. सह्याद्री आहे, बातम्यांचे चॅनल आहेत, हिंदी सिनेमाचे आहेत, बाकी खाजगी चॅनलांना लिलावात जागा घ्याव्या लागतात त्यामुळे यादी दर वर्षी एप्रिलमध्ये थोडी बदलते. आईच्या मालिकांचे मोठे चॅनल त्यात मिळतीलच असं धरून चालू नका, त्यासाठी नेट लागेल. पण नेट गेलं, केबल तुटली, रिचार्ज संपला, काही झालं तरी टीव्ही काळा पडत नाही. रत्नागिरीकडे आमच्या घरी हेच आहे, नेटवर ओटीटी आणि आधाराला फ्री डिश.

घरात जुनी कुठल्या डीटीएचची छत्री गंजत पडली असेल तर तीच चालते, फक्त फिरवून ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट १५ वर लावायची. आपल्या भागातून आग्नेयेला आणि बऱ्यापैकी वर, साठेक अंश. तिकडे नारळ-आंबा आडवा येत नाही ना बघायचं.

अनुराधा_के

पावसात जातं ना पण ते? आमच्याकडे डीटीएच होतं तेव्हा जोराची सर आली की सिग्नल नाही.

कोकण_मेवा

जातं, धो धो कोसळला तर जातं, दहा-पंधरा मिनिटांत परत येतं. छत्री नीट बारकाईने लावली असेल तर कमी वेळा जातं. नुसता सिग्नल आला म्हणून बोल्ट आवळून मोकळे होतात ते चुकीचं, डब्यावर क्वालिटीची पट्टी असते ती जास्तीत जास्त होईपर्यंत मिलिमीटरने हलवायला लावा.

विद्या_ठाणे

मालिका कुठे बघायला मिळतात ते मी सांगते कारण आमच्या घरी तीन पिढ्या आहेत आणि सगळंच लागतं. झी मराठीचं सगळं झी फाइव्हवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही आता जिओहॉटस्टारवर, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले तेव्हापासून. सोनी मराठी सोनीलिव्हवर. म्हणजे आईंची कुठली मालिका त्यावर अ‍ॅप ठरतं, तिन्ही घ्यायची गरज नाही, एका वेळी एकच घेऊन बघा. मराठी बातम्यांना तर पैसे द्यायचेच नाहीत, एबीपी माझा, झी चोवीस तास, टीव्ही नाइन मराठी सगळे यूट्यूबवर दिवसभर लाइव्ह असतात. आणि प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू केलं, त्यात दूरदर्शनचे चॅनल फुकट आहेत, बाबांना जुन्या दूरदर्शनच्या गोष्टी आवडत असतील तर त्यात बरंच सापडेल.

प्लॅन घेताना एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, सगळ्यात स्वस्त प्लॅन बरेचदा फक्त मोबाइलचा असतो. नेटफ्लिक्सचा १४९ वाला टीव्हीवर चालत नाही, टीव्हीसाठी १९९ चा लागतो आणि तोही ७२० पिक्सेल आणि एकच स्क्रीन. जिओहॉटस्टारचाही मोबाइल प्लॅन टीव्हीला चालत नाही. प्राइमवर जून २०२५ पासून जाहिराती आल्यात, नको असतील तर वर वेगळे पैसे. आणि कृष्णाकाठ, तुम्ही पुण्याचं नेटफ्लिक्स सांगलीला चालवू असं मनात धरलं असेल तर ते जुलै २०२३ पासून भारतात अवघड केलंय, एक अकाउंट एकाच घराचं.

सचिन_इचल

एका दुकानात डबा बघितला, एकदा साडेचार हजार द्यायचे, जगातले सगळे चॅनल, सगळे ओटीटी कायमचे फुकट म्हणाला. घेतलाय का कुणी?

चिन्मय_पी

सचिन, कृपा करून घेऊ नका, आणि मोठ्या माणसांच्या घरात तर अजिबात नाही. हे डबे बहुतेक मोबाइलचं अँड्रॉइड टीव्हीवर चढवलेले असतात, टीव्हीसाठी बनवलेलं अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही नसतं, त्यामुळे रिमोटने धड चालत नाहीत, माउस लागतो. त्यांच्यात ओटीटीचं चित्र सुरक्षित ठेवणाऱ्या वाइडवाइनचा वरचा दर्जा, एल वन, नसतो, खालचा एल थ्री असतो, म्हणजे तुम्ही पैसे भरून खरं नेटफ्लिक्स लावलंत तरी चित्र ४८० च्या वर जात नाही, डब्यावर फोर के लिहिलेलं असूनसुद्धा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे यातल्या अनेकांत कारखान्यातूनच मालवेअर भरलेलं सापडलंय. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने बॅडबॉक्स २.० नावाने याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता, असे डबे तुमचं घरचं नेट दुसऱ्यांच्या गुन्ह्यांसाठी वापरतात. त्याच वायफायवर बाबांच्या बँकेचं अ‍ॅप चालतं हे लक्षात घ्या. चोरीचं प्रसारण हा भाग तर वेगळाच.

सचिन_इचल

बापरे. नाही घेत. धन्यवाद.

नीलकंठ_साठे

सगळे नेटच्याच बाजूने बोलताहेत म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी सांगलीवाडीचा. २०१९ चा पूर मी घरात बसून पाहिलाय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या दिवसांत पुण्या-मुंबईचे चॅनल एकच ड्रोनचं चित्र फिरवत होते. कुठल्या गल्लीत पाणी शिरलं, कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि ते इथे कधी पोचणार, बोट कुठून सुटते, हे सगळं आमच्या लोकल केबलच्या चॅनलवर कळायचं. गणपतीच्या मिरवणुका, शाळेचे निकाल, कुणाची श्रद्धांजली हे पण तिथेच. आईबाबांच्या वयाच्या लोकांचा गाव त्या चॅनलमध्ये असतो. केबल काढताना हे जातंय हे त्यांना आधी विचारा. नुसतं महिन्याचे पैसे बघून ठरवू नका.

कृष्णाकाठ

नीलकंठकाका, हे माझ्या डोक्यात अजिबात आलं नव्हतं, आणि तुम्ही म्हणताय ते अगदी खरं आहे. बाबा पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिलं तेच लावतात. आज फोनवर विचारलं तर म्हणाले "मग पाणी किती आलं ते कसं कळायचं?"

विद्या_ठाणे

बरेच लोकल चॅनल आता यूट्यूबवर लाइव्ह करतात, तुमच्या भागातलं करतं का बघा. करत असेल तर ते सबस्क्राइब करून ठेवा, म्हणजे यूट्यूब उघडलं की डावीकडे सबस्क्रिप्शनमध्ये राहील.

वायरमन_मिरज

आणि लोकल केबलवाले स्वतःच फायबर देतात हल्ली, केबल आणि नेट दोन्ही एकाच वायरीवर. त्यांच्याकडून दोन्हीचं मिळून काय पडतं ते विचारा. केबलचं किमान पॅक घेतलं तर, २०१९ ला ट्रायने (दूरसंचार नियामक) नवी पद्धत आणली तेव्हा १३० रुपये आणि त्यावर जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे असा नेटवर्कचा दर होता आणि त्यात फुकटे चॅनल यायचे. २०२४ मध्ये ट्रायने ती कमाल मर्यादा काढली, त्यामुळे आता ज्याचा त्याचा दर. पण पैशाचे चॅनल सगळे काढून नुसते फुकटे ठेवता येतात, तो तुमचा हक्क आहे, केबलवाला "पॅकच घ्यावं लागेल" म्हणाला तर ऐकू नका.

लाइटीचं पण बघा. लाइट गेली की राउटर बंद. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा, तास-दोन तास सहज काढतो. खरेदीआधी राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात ते बघून जुळवा. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हीला लागेल. जीपॉन पद्धतीचं फायबर असेल तर मधल्या खांबांवरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे गल्लीत लाइट नसली तरी नेट येत राहतं. पण काही जुन्या जोडण्यांत मध्ये खांबावर स्विच असतो, तो बंद पडला की घरात यूपीएस असून उपयोग नाही. जोडणीवाल्याला हा एक प्रश्न विचाराच.

रोहन_कोथरूड

क्रिकेटचं कुणी बोललं नाही. स्ट्रीमिंग डिश किंवा केबलच्या मागे असतं, सहज अर्धा मिनिट, कधी जास्त. चाळीत किंवा गल्लीत राहत असाल तर शेजारी ओरडले की कळतं विकेट पडली आणि आपल्याकडे बॉलर अजून रनअपला उभा. बाबांना याचा राग येणार का ते बघा, आमच्या बाबांना येतो. आयपीएल २०२५ पासून नेटवर जिओहॉटस्टार आणि टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स, म्हणजे दोन्हीकडे आहे, पण लगेच हवं असेल तर छत्री किंवा केबलच.

कृष्णाकाठ

आता टीव्हीकडे वळूया का? ३२ चा ठेवावा की ४३ घ्यावा? बाबा खाटेवर बसतात, तिथून टीव्हीपर्यंत साधारण सात फूट असेल. दुपारी माजघराच्या मागच्या दाराने ऊन येतं.

चिन्मय_पी

४३ घ्या. इंच हे तिरकं माप असतं, ४३ म्हणजे रुंदीला साधारण ९५ सेंटिमीटर, कोनाडा असेल तर मोजून घ्या. ५५ म्हणजे सव्वा मीटरच्या जवळ जातं, जुन्या माजघरात ते अंगावर येईल. ३२ चे बहुतेक सेट फुल एचडीसुद्धा नसतात आणि मालिकेतल्या खालच्या पट्ट्या, क्रिकेटचा स्कोअर, बातम्यांच्या टिकर वाचायला मोठ्यांना त्रास होतो, तेवढ्यासाठी तरी बदला.

दुकानात बघताना माझं सांगणं असं की रंगांच्या भडक व्हिडिओवर जाऊ नका, तिथे सगळेच सुंदर दिसतात. बातम्यांचं चॅनल लावायला सांगा, कारण तेच बघणार आहेत. समोर उभं राहून, मग अगदी बाजूला जाऊन बघा. आयपीएस पॅनल बाजूने बघितलं तरी रंग धरून ठेवतं पण काळं थोडं राखाडी, व्हीए पॅनल समोरून काळंभोर पण बाजूने फिकं पडतं. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत असेल तर आयपीएसकडे झुका. ऊन येतं म्हणताय तर चकचकीत काच नको, आणि मागच्या दाराला पडदा लावा, तो कुठल्याही महाग टीव्हीपेक्षा जास्त काम करेल.

आवाजाचं विसरू नका. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, बोलणं अस्पष्ट येतं आणि मग मोठी माणसं आवाज वाढवत राहतात. सेटिंगमध्ये संवाद ठळक करणारा मोड असतो तो लावून बघा, नाहीतर छोटा साउंडबार, टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टला.

मंजिरी_सोलापूर

आणि "मोशन स्मूद" काय ते बंद करा, सासूबाईंना जुने सिनेमे नाटकासारखे दिसतात म्हणून त्या बघेनात.

अभिजित_डोंबिवली

स्मार्ट टीव्ही आणि वेगळा बॉक्स यात मी वेगळ्या बॉक्सच्या बाजूचा. टीव्हीचा पडदा आठ-दहा वर्षं चालतो पण त्यातला मेंदू तीन-चार वर्षांत थकतो. आमच्या एका टीव्हीत ८ जीबी स्टोअरेज, त्यातलं निम्म्याहून जास्त सिस्टिमनेच खाल्लेलं, दोन अ‍ॅप अपडेट झाली की "जागा नाही" आणि सगळं कासवगतीने. पडदा मात्र अजून उत्तम आहे. तिथे फायर स्टिक फोर के लावली आणि टीव्ही परत ताजा झाला. तेव्हा टीव्ही घेताना स्मार्टचं फार मनावर घेऊ नका, पडदा, आवाज आणि सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे का ते बघा. निदान दोन जीबी रॅम असू दे.

स्टिक लावणार असाल तर पॉवर टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, सोबत आलेल्या अ‍ॅडॅप्टरनेच द्या, नाहीतर मध्येच रिस्टार्ट होते. सोबत एचडीएमआयची छोटी शेपटी येते ती वापरा, स्टिक टीव्हीच्या मागे दडली की वायफाय कमी पकडते. आणि दोन रिमोटची भीती असेल तर एचडीएमआय सीईसी चालू करा, सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट प्लस, सोनीत ब्राव्हिया सिंक, एलजीत सिम्पलिंक म्हणतात. मग बॉक्सच्या रिमोटनेच टीव्ही सुरू-बंद होतो आणि टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून देता येतो.

वायरमन_मिरज

साध्या स्टिकला लॅन पोर्ट नसतं हे लक्षात ठेवा, वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. सेटटॉप बॉक्सला बहुतेक असतं. दगडी भिंतीच्या घरात मी बॉक्सच सांगेन.

अनुराधा_के

पैसे कापण्याबद्दल एक. सबस्क्रिप्शन आईबाबांच्या कार्डावर किंवा त्यांच्या यूपीआयवर ठेवू नका, स्वतःच्या ठेवा. ऑटोपेमध्ये १५ हजारांपर्यंत दर वेळी ओटीपी विचारत नाही, कापायच्या आधीच्या दिवशी नुसता मेसेज येतो, आणि तो मेसेज ते वाचणार नाहीत. शिवाय कुणी "तुमचं टीव्हीचं रिचार्ज संपलंय" म्हणून लिंक पाठवली तर "आम्ही भरतच नाही, मुलगी भरते" हे उत्तर त्यांच्याकडे तयार राहतं. हे मी फार कळकळीने सांगतेय.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठल्या दुकानात कुणी सांगितलं नसतं. बाबांशी आणि आईशी बोलून असं ठरतंय. आधी लॅन वायर माजघरात. मग ४३ चा सेट, आयपीएस, सांगलीत सर्व्हिस असलेल्या कंपनीचा. त्याला नेटच्या कंपनीचा सेटटॉप बॉक्स, त्यांच्या यादीत आईचे सगळे चॅनल आहेत, बाबांचा एक बातम्यांचा नाही पण तो यूट्यूबवर आहे. राउटरला छोटा यूपीएस. ओटीटी एकच, आईच्या मालिकेचं, माझ्या खात्यातून.

आणि केबल पावसाळा संपेपर्यंत काढत नाही, पैशाचे चॅनल काढून फुकटे आणि लोकल तेवढे ठेवायचे. लोकल चॅनल यूट्यूबवर रोज लाइव्ह असतं की मधूनमधून, हे बाबा स्वतः बघून सांगणार आहेत. रोज असेल तर दिवाळीला केबल बंद आणि गच्चीत फ्री डिश.

एक शेवटचा प्रश्न, बॉक्स, केबलचा डबा आणि पुढे फ्री डिश असे तीन डबे टीव्हीला लागले तर बाबांनी एकातून दुसऱ्यात कसं जायचं? इनपुट बदलण्याचं ते बटण त्यांना सापडत नाही.

अभिजित_डोंबिवली

सीईसी चालू असेल तर जो डबा सुरू कराल त्यावर टीव्ही आपोआप जातो, पण केबलचे आणि फ्री डिशचे साधे डबे बहुतेक सीईसीवाले नसतात. त्यामुळे टीव्ही घेताना रिमोटवर इनपुटचं वेगळं बटण आहे असाच बघा, काहींवर ते मेनूत लपवलेलं असतं. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय एक-दोनला नाव देता येतं, तिथे "केबल" आणि "नेट" असं लिहून ठेवा, बाबांना यादीत नाव दिसेल. बरेच सेट सुरू झाल्यावर कुठला इनपुट लागावा तेही ठरवू देतात, तो बॉक्सवर ठेवा. आणि काही टीव्हींत सॅटेलाइट ट्यूनर आतच असतो, मागे छत्रीची वायर लावायचं गोल स्क्रूचं पोर्ट दिसेल, तसा मिळाला तर फ्री डिशचा डबाच लागत नाही, वायर थेट टीव्हीला.

कोकण_मेवा

हो, तो मिळाला तर सोडू नका. आणि दिवाळीत छत्री बसवायला बोलवाल तेव्हा गच्चीवर टाकीच्या आग्नेय बाजूला बसवा, टाकी आडवी येता कामा नये.